मीटर बंद, गाडी चालू

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात १९७९ साली एक मॉल उघडला. पुढे त्याचं नाव कॅरी टाउन सेंटर झालं. दोन पिढ्यांनी तिथे खरेदी केली, मग गिऱ्हाईक ओसरलं आणि जानेवारी २०२१ मध्ये साडेनऊ कोटी डॉलरना तो विकला गेला. घेणारी कंपनी गावातलीच होती : १९९९ पासून कॅरीत मुक्काम ठोकून असलेली एपिक गेम्स. कॅरीतल्या मराठी आईबापांना ती 'फोर्टनाइट'मुळे ठाऊक आहे, म्हणजे मुलं हाका मारूनही जेवायला उठत नाहीत त्या कारणामुळे. पण या कंपनीचा हात आता घराबाहेर, मोटारीच्या स्टिअरिंगमागेही पोचला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिनं जाहीर केलं, की खेळातली दृश्यं रंगवणारं आपलं 'अनरिअल एंजिन' हे सॉफ्टवेअर मोटारींच्या पडद्यांवरही काम करेल. पहिली गाडी ठरली जीएमसीची विजेवर चालणारी हमर.

त्या हमरमध्ये चालकासमोर १२.३ इंची पडदा आहे. त्यावर वेग दिसतो, बॅटरी दिसते, इशाऱ्याचे दिवे दिसतात. हात लावता येईल असं मात्र त्यात काहीच नाही. जे दिसतं ते सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला नव्यानं रेखाटत असतं. रिव्हियन कंपनीनंही २०२४ मध्ये आपल्या आर१ गाड्यांच्या दुसऱ्या पिढीत पडद्यावरच्या चित्रांसाठी हेच एंजिन वापरलं.

आता याच हमर नावाच्या वीस वर्षांपूर्वीच्या गाडीत डोकावून पाहावं. हमर एच२ मध्ये खरेखुरे प्लास्टिकचे काटे होते. त्या काळच्या अशा काट्यांनी मालकांना इतकं छळलं, की अमेरिकेत मीटरदुरुस्ती हा एक स्वतंत्र धंदा म्हणून फोफावला. एकाच नावाच्या दोन गाड्यांमध्ये मोटारीचं मीटर पार बदलून गेलं, आणि त्याबरोबर ते कोण दुरुस्त करू शकतो हेही बदललं.

केबल गेली, मोटर आली

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे, त्यांना स्पीडोमीटरची केबल माहीत असते. गिअरबॉक्समधून निघालेली ती पिळाची तार थेट मीटरपर्यंत जायची. तिथे ती एक चुंबक फिरवायची. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असे. चुंबक फिरला की वाटीत भोवरप्रवाह निर्माण व्हायचे, वाटी ओढली जायची, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचायची आणि या ओढाताणीत काटा जिथे ठरेल तो वेग. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकानं या रचनेचं पेटंट १९०२ साली घेतलं होतं. त्यानंतर जवळजवळ शतकभर जगातल्या बहुतेक गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या. काटा थरथरू लागला की केबल सुकली, काटा मेला की केबल तुटली. पुण्यात नाना पेठेत जाऊन नवी केबल आणायची आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून टाकून घ्यायची, इतकाच तो मामला.

बॉश कंपनीनं १९८६ साली 'कॅन' ही संदेशवाहिनी जगासमोर मांडली. पुढच्या दोन दशकांत गाडीतले सगळे छोटे संगणक दोन तारांवरून एकमेकांशी बोलू लागले. मीटरकडे यांत्रिक वेग येणं थांबलं, नुसते आकडे येऊ लागले. त्या आकड्यांप्रमाणे काटा हलवण्यासाठी मीटरच्या पाठीमागच्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढ्या स्टेपर मोटरी बसल्या. ही मोटर सलग फिरत नाही, टप्प्याटप्प्यानं सरकते. स्विटेक कंपनीची एक्स२५ आणि तिच्यामागून आलेली एक्स२७ ही यातली गाजलेली नावं. अशा मोटरचा एक टप्पा म्हणजे अंशाचा एक तृतीयांश, आणि पूर्ण फेरा साधारण ३१५ अंशांचा.

यातली मेख अशी, की काटा नेमका कुठे आहे हे मीटरला दिसत नाही. चावी फिरवली की ते काट्याला शून्याच्या खुंटीपर्यंत मागे नेतं आणि तिथून टप्पे मोजत पुढे सरकतं. मोटर कमजोर झाली, एखादा टप्पा चुकला, की पुढची सगळी मोजदाद चुकते. मीटरच्या मते गाडी थांबलेली असते, आणि काटा मात्र ताशी ८० मैलांवर खिळलेला असतो.

हमर बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या २००३ पासूनच्या पुढच्या काही वर्षांतल्या सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन, एस्कलेड या गाड्यांत नेमकं हेच घडू लागलं. उभ्या गाडीचा काटा वेग दाखवायचा, पळत्या गाडीचा काटा शून्यावर झोपलेला असायचा, तेलाच्या दाबाचं माप मनाला येईल तिथे जायचं. ग्राहक वॉशिंग्टन राज्यातल्या संघीय न्यायालयात गेले. सामूहिक दावा २००८ मध्ये तडजोडीनं मिटला आणि ठरावीक मॉडेलांना मीटरपुरती ७ वर्षं किंवा ७०,००० मैलांची खास हमी मिळाली. त्या मर्यादेबाहेर राहिलेल्यांनी मग स्वतःच स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंगची इस्त्री हातात घेतली. मोटर काही डॉलरना मिळते. मीटर काढायचं, काटे जपून उपसायचे, जुन्या मोटरी काढून नव्यांना डाग द्यायचा, काटे पुन्हा बसवायचे, आणि मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग पाहत रस्त्यावर खात्री करायची. काटा उपसण्याआधी त्याची जागा टिपून ठेवली नाही, तर मात्र नवी मोटरही चुकीचाच वेग दाखवते.

काळोख कुठून येतो

मीटर बिघडण्याचे प्रकार मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. काटे चुकतात तेव्हा मोटर. अंकांच्या पट्टीतल्या उभ्या रेघा गळू लागतात तेव्हा पडदा आणि पट्टी यांना जोडणारी चिकट रिबन. एकेकाळच्या बीएमडब्ल्यू आणि आउडी गाड्यांचा हा खानदानी आजार. उन्हाळ्यात ही रिबन सुटत जाते, आणि दुरुस्ती म्हणजे उष्ण दाबानं नवी रिबन चिकटवणं. धक्का बसला की मीटर उजळतं आणि पुन्हा विझतं, तेव्हा बहुधा कुठेतरी डागाला भेग पडलेली असते. आणि सगळं मीटरच अंधारतं तेव्हा संशय वीजपुरवठ्यावर.

टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसची, म्हणजे २००४ ते २००९ या मॉडेलांची, गोष्ट या शेवटच्या प्रकारातली. मीटर उजळतच नाही, वेग दिसत नाही. वर गाडी बटण दाबूनही नीट बंद होत नाही, कारण चाकं थांबली आहेत की नाहीत हे सांगणारा दुवाच गप्प झालेला असतो. शोध घेणाऱ्यांना गुन्हेगार सापडला तो मीटरच्या पट्टीवरचा एक कपॅसिटर. अनेकांनी तो बदलून तेच मीटर वर्षानुवर्षं चालवलं.

मीटर उघडण्याआधी एक पायरी मात्र सगळे जाणकार सांगतात : आधी मीटरला निर्दोष समजा. बॅटरी उतरलेली असली, अर्थिंगची तार गंजलेली असली, फ्यूज उडालेला असला तरी मीटर वेड्यासारखं वागतं. मीटरशी संपर्क तुटल्याची नोंद गाडीचे बाकीचे संगणक 'यू०१५५' अशा कोडनं ठेवतात. कोड वाचायला दरवेळी मोठं गॅरेज लागत नाही. शेजारच्या रॉलीत मुख्यालय असलेल्या ॲडव्हान्स ऑटो पार्ट्ससारख्या स्पेअर पार्टच्या दुकानांत इंजिनाचे कोड फुकट वाचून देतात. मीटरचा कोड वाचायला मात्र सगळ्या संगणकांशी बोलू शकणारं यंत्र लागतं. फोर्डच्या अनेक गाड्यांत तर ट्रिपचं बटण दाबून धरून चावी फिरवली, की मीटर स्वतःची तपासणी सुरू करतं आणि काटे टोकापासून टोकापर्यंत फिरवून दाखवतं. तपासणीत काटे नीट फिरले तर दोष मीटरबाहेर शोधायचा.

भंगारातलं मीटर आणि दाराच्या चौकटीवरची चिठ्ठी

कॅरीत गाडीवाचून चालत नाही. गोकॅरीच्या बस आहेत, पण रिसर्च ट्रँगल पार्कमधली नोकरी, ईस्ट चॅटम स्ट्रीटवरचा भारतीय किराणा, श्री वेंकटेश्वर मंदिर आणि मुलांचं फुटबॉल यांच्यात एका शनिवारी ताळमेळ बसवायचा तर घरात दोन गाड्या हव्यातच. त्यातली एक बहुधा जुनी असते, आणि मीटर जातं ते तिचंच. डीलर नव्या मीटरचे शेकडो डॉलर सांगतो, काही गाड्यांत हजाराच्या वर. मग नजर वळते भंगाराकडे. त्याच मॉडेलचं, अपघातातल्या गाडीचं मीटर काढून बसवलं की झालं, असा सोपा हिशेब मनात येतो.

या हिशेबात दोन खड्डे आहेत. पहिला चोरीविरोधी कुलपाचा. फोक्सवॅगन, आउडी आणि फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत चावी ओळखणारं इमोबिलायझर मीटरच्याच पोटात असतं. परकं मीटर बसवलं की इंजिन सुरू होऊन बंद पडतं किंवा सुरूच होत नाही. ते गाडीशी जुळवायला कंपनीचा कोड आणि योग्य यंत्र लागतं.

दुसरा खड्डा कायद्याचा. गाडी किती मैल चालली हा आकडा अनेक गाड्यांत मीटरच्याच मेमरी चिपमध्ये असतो. भंगारातलं मीटर आपल्याबरोबर दुसऱ्या गाडीचे मैल घेऊन येतं. अमेरिकेत मैलांच्या लबाडीला १९७२ सालापासून संघीय कायद्यानं बंदी आहे. ओडोमीटर दुरुस्त केला किंवा बदलला तर आधीचाच आकडा कायम राहिला पाहिजे. ते शक्य नसेल तर आकडा शून्यावर आणायचा, आणि आधीचे मैल नि दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची. फसवण्याच्या हेतूनं ती चिठ्ठी काढणं हाही गुन्हाच. नॉर्थ कॅरोलायनाच्या वाहन मैल कायद्यातही ओडोमीटर बदलण्याबाबत असाच नियम आहे. फसवलेल्या ग्राहकाला संघीय कायद्यानं नुकसानीच्या तिप्पट किंवा १०,००० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते मागता येतं.

कायदा इतका कडक असण्याला कारण आहे. खोटे मैल दाखवून वर्षाला साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या जातात आणि ग्राहकांना एक अब्ज डॉलरहून अधिक फटका बसतो, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा, म्हणजे 'नित्सा'चा, अंदाज आहे. पूर्वी १० वर्षांच्या गाडीला मैल जाहीर करण्यातून सूट मिळायची. १ जानेवारी २०२१ पासून २०११ आणि नंतरच्या मॉडेलांसाठी ही मुदत २० वर्षांची झाली. म्हणजे कॅरीतल्या कुटुंबानं २०१२ ची गाडी आज विकायला काढली, तर विक्रीच्या कागदावर खरे मैल लिहिणं भाग आहे. मीटर बदललं आणि मैल जुळत नसतील, तर 'हे प्रत्यक्ष मैल नाहीत' या रकान्यावर खूण करावी लागते आणि गाडीची किंमत त्या खुणेसरशी घसरते.

म्हणून अमेरिकेत तिसरी वाट रूढ झाली. आपलंच मीटर काढायचं, खोक्यात घालून मीटरदुरुस्तीच्या खास दुकानाला कुरिअर करायचं आणि दुरुस्त झालेलं तेच मीटर परत बसवायचं. मैल तेच, चावीची ओळख तीच, चिठ्ठीची भानगड नाही. गैरसोय इतकीच, की मधले दिवस गाडी दारात उभी राहते. काढताना बॅटरीची तार सोडून थोडा वेळ थांबायचं. मीटर काढलेलं असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दोष नोंदला जाऊ शकतो आणि त्याचा दिवा पुढे विझता विझत नाही.

तपासणीचाही प्रश्न असतो. नॉर्थ कॅरोलायनात गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर दरवर्षी तपासणी लागते. नुसत्या सुरक्षेच्या तपासणीचं शुल्क १३ डॉलर ६० सेंट, उत्सर्जनाची धरून ३० डॉलर. उत्सर्जनाच्या तपासणीत चावी फिरवल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा क्षणभर लागायला हवा. सतत पेटून राहणारा दिवा नापास होतोच, पण अजिबात न लागणाराही नापास होतो. मेलेलं मीटर घेऊन त्या स्टेशनात शिरण्यात अर्थ नाही.

पडद्याची आजारपणं

सोल्डर आणि मोटरीच्या या जगातून वर पाहिलं, की एपिकचा पडदा दिसतो. तिथे बिघाडाची जातच वेगळी आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये होंडानं अमेरिकेत एकाच वेळी सुमारे १६ लाख गाड्या वेगवेगळ्या दोषांसाठी परत बोलावल्या. त्यातल्या जवळपास ६ लाख ८ हजार गाड्यांत दोष सॉफ्टवेअरचा होता : मीटरवर वेग, गिअर, तेलाचा दाब यांसारखी माहिती दिसेनाशी होऊ शकते, मागचा कॅमेराही उशिरा लागू शकतो. गाड्या होत्या २०१८ ते २०२० च्या ओडिसी, २०१९-२० च्या पासपोर्ट आणि २०१९ ते २०२१ च्या पायलट. आजीआजोबा भारतातून आले की ज्या सात-आठ आसनी गाडीत सगळे मावतात, तीच ओडिसी. तिच्यावर इलाज होता नवं सॉफ्टवेअर. कुणाच्याही हातात स्क्रू ड्रायव्हर आला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाच्या जवळजवळ २२ लाख गाड्यांवर वेळ आली ती अक्षरांच्या आकारावरून. ब्रेक, पार्क आणि एबीएस या इशाऱ्यांची अक्षरं किमान ३.२ मिलिमीटर उंच हवीत असा नियम आहे, आणि टेस्लाची अक्षरं त्याहून लहान निघाली. दुरुस्ती हवेतून आली, रातोरात. ऑगस्ट २०२५ मध्ये फोर्डच्या सुमारे साडेतीन लाख मोठ्या गाड्या आणि सप्टेंबरमध्ये टोयोटाच्या जवळपास ५ लाख ९१ हजार गाड्या यादीत आल्या. दोन्हीकडे तक्रार तीच : गाडी सुरू करताना मीटरचा पडदा काळाच राहू शकतो. टोयोटाच्या यादीत कॅम्री, रॅव४, हायलँडर अशी कॅरीच्या कुठल्याही पार्किंगमध्ये ओळीनं उभी दिसणारी नावं होती. तिथे डीलरनं सॉफ्टवेअर बदलायचं किंवा गरज पडली तर १२.३ इंची पडदाच बदलून द्यायचा, दोन्ही फुकट.

पडदे झिजतातही. टेस्लाच्या मॉडेल एस आणि एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या २०२१ मध्ये परत बोलावल्या गेल्या. दोष मीटरचा नव्हता, मधल्या मोठ्या पडद्याचा होता. त्याच्या ८ जीबी मेमरी चिपवर सतत लिहीत राहिल्यानं चिप संपून जात होती. पद्मिनीची केबल घासून तुटायची, ही चिप लिहून लिहून तुटते. फरक एवढाच, की केबल नाना पेठेत मिळते आणि चिपमधला मजकूर मिळत नाही.

हे सगळं ध्यानात घेऊन आजची मीटरं बनवणारे पडद्याचे दोन भाग करतात. देखणी चित्रं एकीकडे चालतात. ब्रेक, एअरबॅग, तेल यांचे इशारे दुसऱ्या, अधिक कडक तपासलेल्या सॉफ्टवेअरकडे असतात. चित्रांचा भाग गोठला तरी इशारा दिसला पाहिजे, हा त्यामागचा विचार, आणि आयएसओ २६२६२ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. या कामात मराठी मुलुखाचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या हिंजवडीत केपीआयटीसारखी कंपनी मोटारींचं सॉफ्टवेअर लिहिते, आणि पुण्यातच मिंडा इन्स्ट्रुमेंट्ससारखी (पूर्वीची मिंडा स्टोनरिज) कंपनी मीटर बनवते. कॅरीत राहणाऱ्या मराठी इंजिनिअरच्या गाडीतला वेग त्याच्या पुण्यातल्या वर्गमित्राच्या कोडमधून उमटत असेल, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

निवाडा

दुरुस्ती की बदली, या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या वयानुसार बदलतं. काट्याच्या गाडीत दुरुस्तीच शहाणपणाची. बिघाड ठरलेले आहेत, सुटे भाग स्वस्त आहेत आणि मैलांचा आकडा जागचा हलत नाही. भंगारातलं मीटर हा शेवटचा उपाय. तो करायचाच तर मैल जुळवून देणाऱ्या, पावती देणाऱ्या माणसाकडून. आकडा 'सांगाल तो' टाकून देतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावं. पडद्याच्या गाडीत उलट, स्वतः काही उघडायच्या आधी कंपनीकडे जायचं, कारण तिथला बराचसा दोष कंपनीनंच लिहिलेला असतो आणि तिलाच पुसता येतो.

दोन्ही गाड्यांत पहिलं काम एकच. विंडशील्डच्या कोपऱ्यात दिसणारा १७ अक्षरांचा गाडीचा क्रमांक नित्साच्या रिकॉल शोधात टाकून पाहायचा. पैसे लागत नाहीत. रिकॉल निघण्याआधी पदरचे पैसे घालून तोच दोष दुरुस्त केला असेल तर पावती जपून ठेवावी, परतफेडीची सोय बहुधा असते. रिकॉल नसेल आणि चालत्या गाडीत मीटर अंधारलं असेल, तर नित्साकडे तक्रार नोंदवावी; एकाच दोषाच्या तक्रारी साठल्या की चौकशी उघडली जाते. भारतातल्या नातेवाइकांसाठीही ही माहिती कामाची आहे, कारण १ एप्रिल २०२१ पासून तिथेही सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. अमेरिकेत मात्र एक मुदत लक्षात ठेवावी : गाडीच्या पहिल्या विक्रीला १५ वर्षं उलटली, की रिकॉलची दुरुस्ती फुकट करून देणं कंपनीला बंधनकारक राहत नाही.